अवांतर वाचन : केळूसकर गुरुजींच्या निमित्ताने

आपल्या शैक्षणिक परिभाषेत ‘अवांतर वाचन’ असा एक शब्द रूढ आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून महाविद्यालयाच्या अहवालापर्यंत तो सर्वत्र भेटतो. अवांतर म्हणजे मुख्य नव्हे ते. मूळ विषयाच्या कडेला असणारे, वेळ उरला तर करावयाचे. पाठ्यपुस्तक हे मुख्य वाचन आणि बाकी सारे ग्रंथविश्व अवांतर, अशी एक विलक्षण उतरंड या एका शब्दात दडलेली आहे, आणि शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी ती निमूटपणे स्वीकारली आहे. मराठी प्रांतातील आधुनिक विचाराचा इतिहास पाहिला, तर मात्र काही निर्णायक क्षणी हे अवांतर वाचनच मुख्य ठरलेले दिसते. अशाच एका घटनेचा येथे थोडा तपशिलात विचार करावयाचा आहे. घटना सर्वांना ठाऊक आहे. परंतु ठाऊक असलेल्या गोष्टी आपण पुन्हा नीट वाचत नाही, हीच पुष्कळदा अडचण असते.

कृष्णराव अर्जुन केळूसकर (१८६०–१९३४) हे मूळचे वेंगुर्ल्याजवळील केळूस गावचे. मुंबईस विल्सन हायस्कुलात ते शिक्षक होते. आज त्यांचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. एक म्हणजे त्यांचे शिवचरित्र. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रसिद्ध झालेले हे चरित्र मराठीतील सुरुवातीच्या सविस्तर शिवचरित्रांपैकी एक होय. पुढे प्रा. न. स. ताकाखव यांनी त्याच्या आधारे सिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. दुसरे कारण म्हणजे भीमराव आंबेडकर नावाच्या एका विद्यार्थ्याला त्यांनी भेट दिलेले पुस्तक. ते पुस्तक त्यांचे स्वतःचेच होते : १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतमबुद्धाचे चरित्र.

या पुस्तकाचे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना त्याच वर्षी, १८९८ मध्ये झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्याआधी पाच वर्षे, १८९३ मध्ये सुरू झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदनगर, नाशिक, पुणे येथे निघालेल्या ‘नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या’ मुख्यतः साहेबलोक आणि इंग्रजी शिकलेले सरकारी नोकर यांच्या आश्रयाने उभ्या राहिल्या होत्या. शतक संपता संपता मात्र मराठी ग्रंथच जमवावेत, ते जपावेत, सामान्य वाचकाला उपलब्ध करून द्यावेत, ही जाणीव मध्यमवर्गात रुजली. केळूसकरांसारखे शाळाशिक्षक याच वातावरणात घडले होते. दिवसा वर्गात शिकवावे आणि उरलेल्या वेळात वाचावे, लिहावे, असा त्यांचा जीवनक्रम. बुद्धाविषयी त्या काळी इंग्रजीत बरेच लेखन होत होते. एडविन आर्नल्ड यांचे ‘द लाइट ऑफ एशिया’ १८७९ साली प्रसिद्ध झाले होते, तर १८८१ साली स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीमुळे मूळ पाली ग्रंथ छापून बाहेर येऊ लागले होते. हे ज्ञान मराठी वाचकाच्या घरात मराठीतून पोचवावे, असे एका शाळामास्तराला वाटले, ही त्या काळाची मोठीच खूण म्हणावी लागेल. गोव्यातील धर्मानंद कोसंबी याच सुमारास एका मराठी बालमासिकातील लेखामुळे बुद्धाकडे ओढले गेले आणि १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाले. मराठी छापील कागदाची ताकद किती होती, हे अशा उदाहरणांवरून कळते.

परंतु मराठी छापील कागद सर्वांसाठी नव्हता. भीमराव आंबेडकर या मुलाच्या शालेय जीवनाचे तपशील आता सर्वपरिचित आहेत. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून आणलेले तरटाचे फटकूर; शिपाई नसेल तर पाणी नाही. मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा. तेथे प्रवेशाला कायद्याची आडकाठी नव्हती. तरीही शिक्षकांनी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांची धावपळ उडाली, अशी आठवण धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवली आहे. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही तो विषय या मुलाला मिळाला नाही. त्याला पर्शियन घ्यावे लागले. म्हणजे काय वाचावे, कोणत्या भाषेतले वाचावे, याचा निर्णयदेखील अभ्यासक्रमाच्या नव्हे, जातीच्या हाती होता. मुख्य वाचनाचा दरवाजाच अर्धवट उघडलेला असताना ‘अवांतर’ या शब्दाला त्या मुलाच्या दृष्टीने काय अर्थ असणार?

आणि तरीही तो वाचत होता. परळच्या चाळीतील एकच खोली, तीत सारे कुटुंब आणि सारा संसार. अशा जागेत अभ्यास करण्यासाठी मुलाने लवकर झोपावे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागे राहून त्याला उठवावे आणि मग त्याने दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचावे, असा क्रम रामजी सकपाळांनी बसवला होता. रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, हे येथे विसरता कामा नये. मुलाला पाठ्यपुस्तकांखेरीज इतर पुस्तकांचा नाद लागला, तो त्यांना फारसा पसंत नव्हता. पण मुलाने मागितलेले पुस्तक आणून देण्यासाठी विवाहित मुलींकडे जाऊन पैसे उसने मागायचे, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकायचा, हेही त्यांनीच केले. महाराष्ट्रातील वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्याने ग्रंथालयांच्या स्थापना-तारखांबरोबर गहाण पडलेल्या या दागिन्यांचीही नोंद करावयास हवी.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. केळूसकर त्याच बागेत फिरायला येत. एक मुलगा रोज पुस्तकात मान घालून बसलेला त्यांना दिसला. त्यांनी चौकशी केली. तो कोण, कोणत्या समाजाचा, हे त्यांना कळले. मग ते त्याला आपल्याजवळची पुस्तके वाचायला देऊ लागले. कीरांच्या चरित्रामुळे हीच हकीकत सर्वतोमुखी झाली आहे. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२ होते, म्हणजे परीक्षेच्या भाषेत सामान्यच. पण त्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणे हीच असामान्य घटना होती. त्यानिमित्त झालेल्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्ष सी. के. बोले होते, आणि त्या सभेत केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले, असे कीर सांगतात.

आता दुसरी हकीकत. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्या आवृत्तीत ही प्रस्तावना आली नाही, ती नंतर उपलब्ध झाली. आपण बुद्धाकडे कसे वळलो, हे सांगताना ते याच भेटीचा उल्लेख करतात. पण तपशील वेगळे आहेत. प्रसंग मॅट्रिकचा नाही, इंग्रजी चौथीचा आहे. त्या वेळी मॅट्रिक म्हणजे इंग्रजी सातवी, तेव्हा ही गोष्ट तीन इयत्ता आधीची झाली. सभेचे अध्यक्ष बोले नाहीत, स्वतः दादा केळूसकर आहेत. केळूसकर हे बागेत भेटलेले गृहस्थ नसून वडिलांचे स्नेही आहेत. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडिलांचा सभेला विरोध होता, आणि तो दूर करण्यासाठी लोक केळूसकरांकडे गेले, असे आंबेडकर लिहितात. हे बुद्धचरित्र बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेसाठी लिहिले होते, असेही ते नमूद करतात. गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ साली सुरू झाली आणि केळूसकरांचे पुस्तक त्यापूर्वी अठरा वर्षे आलेले होते. हा उल्लेख जवळजवळ अर्धशतकानंतरच्या आठवणीतला आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

मग खरे काय? इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा ठिकाणी एक बाजू घेण्याचा मोह होतो. चरित्रकाराने कागदपत्रे व माणसे धुंडाळून साल निश्चित केले असेल. उलट ज्याच्या आयुष्यात ती घटना घडली, त्याचा शब्द डावलायचा कसा? माझ्या मते या दोन हकीकतींमधील भेद मिटवण्यापेक्षा तो समजून घेणे अधिक फलदायी आहे. चरित्रकाराला एका कर्तृत्वाचा आरंभ सांगायचा आहे. म्हणून त्याच्या हकीकतीत परीक्षा, साल, गुण, अध्यक्ष यांना महत्त्व आहे. आंबेडकरांना एका वाचनाचा आरंभ सांगायचा आहे. त्यांच्या हकीकतीत सभा लवकर संपते आणि पुस्तक वाचून झाल्यानंतरचा भाग सुरू होतो. तो भागच खरा महत्त्वाचा आहे, आणि आपल्या भाषणांतून, स्मरणिकांतून तो बहुधा वगळला जातो.

रामजी कबीरपंथी होते. घरात रामायण-महाभारताचे वाचन मुलांकडून नित्य करून घेतले जाई. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाला प्रश्न पडला की आपल्याला बौद्ध वाङ्मय का वाचायला दिले जात नाही. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीन अवस्था पुन्हा पुन्हा येते, तेच का? त्याने वडिलांना सरळ विचारले. वडिलांना प्रश्न आवडला नाही; मुलांनी सांगितले तसे करावे, असे म्हणून त्यांनी तो उडवून लावला. मुलाने पुन्हा विचारले. तेव्हा वडिलांनी आपली भूमिका सांगितली : आपण अस्पृश्य गणले जातो, त्यामुळे मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे, द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्याकडे पाहिले म्हणजे लहान स्थितीतला माणूस केवढी उंची गाठू शकतो हे कळते, म्हणून हे ग्रंथ वाचायचे. मुलाला त्यात काही तथ्य वाटले, पण त्याचे समाधान झाले नाही. महाभारत-रामायणातील कोणतीच व्यक्तिरेखा त्याला मनापासून आपलीशी वाटत नव्हती.

हा संवाद मराठी घरातील वाचनाच्या इतिहासात फार मोलाचा आहे. यात दोन शिक्षक आहेत आणि दोघांचेही वाचनावर प्रेम आहे. एक शिक्षक मुलाला ग्रंथ देतो तो आधार म्हणून. जखमेवर फुंकर घालावी म्हणून. त्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही; रामजींचे उत्तर हे अपमान सोसलेल्या, विचार करणाऱ्या बापाचे उत्तर आहे. दुसरा शिक्षक मुलाला एक वेगळेच पुस्तक देतो आणि बाजूला होतो. त्या पुस्तकामुळे पहिल्या पुस्तकांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. एकच पुस्तक वाचणारा मनुष्य श्रद्धावान होऊ शकतो; दुसरे पुस्तक हाती आले की तो तुलना करू लागतो आणि तुलनेतून प्रश्न जन्मतो. केळूसकरांनी मुलाला बुद्ध दिला, असे आपण म्हणतो. मला वाटते, त्यांनी त्याला मुख्यतः ‘दुसरे पुस्तक’ दिले. त्यापुढचे सारे मुलाने स्वतः केले.

हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे; कारण ‘गुरूने शिष्य घडवला’ या साच्यात अशा कथा बसवण्याची आपल्याला सवय आहे. त्या साच्यात शिष्याचे कष्ट दुय्यम होतात आणि शिक्षक अकारण थोर होतो. केळूसकर तर हजेरीपटाच्या अर्थाने भीमरावांचे शिक्षकही नव्हते. ते विल्सन हायस्कुलात, मुलगा एल्फिन्स्टनमध्ये. या मुलाचा निकाल चांगला लागला काय किंवा वाईट लागला काय, केळूसकरांच्या नोकरीत तिळमात्र फरक पडणार नव्हता. म्हणूनच त्यांनी जे केले ते विलक्षण शुद्ध स्वरूपाचे होते. त्यांनी केलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत. त्यांनी एका वाचणाऱ्या मुलाची दखल घेतली. त्याची जात कळल्यावर ते मागे फिरले नाहीत. आपली पुस्तके त्याच्या हाती दिली; ज्या हातांचा स्पर्श डब्यांना चालत नव्हता, त्या हातांत. आणि पुढे पैशांची वेळ आली, तेव्हा ते उठून उभे राहिले.

ही शेवटची गोष्ट वाचनसंस्कृतीच्या चर्चेत क्वचितच येते. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, परंतु पुढे शिक्षणाचा खर्च रामजींना झेपेना. तेव्हा केळूसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. मुलाला महाराजांसमोर उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. हे तेच सयाजीराव, ज्यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले आणि १९१० साली अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची व फिरत्या पुस्तकपेट्यांची योजना उभी केली. त्यांच्या दृष्टीने शिष्यवृत्ती आणि ग्रंथालय या एकाच धोरणाच्या दोन बाजू होत्या. केळूसकरांच्या ठायी अधिकार नव्हता, खजिनाही नव्हता. पण कोणाचे दार कोणासाठी ठोठवावे, हे त्यांना कळत होते. मुलाला पुस्तकाची गोडी लावायची आणि त्याची फी थकली की नजर दुसरीकडे वळवायची, असे त्यांनी केले नाही.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. १९१३ साली आंबेडकर बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून त्यांनी जमवलेल्या पुस्तकांची संख्या दोन हजारांच्या घरात असल्याचे कीर सांगतात. १९१७ साली परतताना सामान घेऊन निघालेले जहाज पाणतीराने बुडाले आणि त्यात ग्रंथही गेले. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९३५ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दादरचे ‘राजगृह’ त्यांनी बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली तिचे पहिले महाविद्यालय मुंबईत सुरू झाले, त्याचे नाव सिद्धार्थ. बागेतल्या त्या पुस्तकाच्या चरित्रनायकाचे नाव एका महाविद्यालयाच्या दारावर लागायला सुमारे चाळीस वर्षे लागली. त्यानंतर दहा वर्षांनी नागपुरात धम्मदीक्षा झाली. एका पुस्तकाने हे सारे घडले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. १९०७ आणि १९५६ यांच्यामध्ये महाड आहे, नाशिकचे काळाराम मंदिर आहे, येवल्याची घोषणा आहे आणि असंख्य ग्रंथ आहेत. परंतु अखेरच्या वर्षात, बुद्धावरील आपल्या ग्रंथाच्या प्रारंभी, डॉ. आंबेडकरांना त्या शाळामास्तराची आठवण करावीशी वाटली, ही वस्तुस्थिती उरतेच.

आज या घटनेकडून आम्हा प्राध्यापक मंडळींनी काय घ्यावे? वाचन वाढावे म्हणून आपण पुष्कळ काही करतो. २०१५ पासून महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी महाविद्यालयांतून ग्रंथप्रदर्शने भरतात, छायाचित्रे निघतात, अहवाल जातात. हे वाईट आहे असे नाही. परंतु प्रदर्शनातील पुस्तक विद्यार्थ्याने हाताळायचे असते, घरी न्यायचे नसते. ग्रंथालयातील कपाटांना कुलूप असते, आणि ते उघडायला सांगण्याचे धाडस गावाकडून आलेल्या, पहिल्याच पिढीत शिकणाऱ्या मुलाला वा मुलीला होत नाही. वर्गात एखाद्या कादंबरीविषयी चार वाक्ये बोलावीत, तर मागच्या बाकावरून प्रश्न येतो : “सर, हे परीक्षेला आहे का?” या प्रश्नाला आपण हसतो किंवा चिडतो. वस्तुतः तो प्रश्न विद्यार्थ्याचा नाही. मुख्य आणि अवांतर यांची जी उतरंड आपण रचली, तिचाच तो प्रतिध्वनी आहे.

माझ्या वीसएक वर्षांच्या अध्यापनात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली आहे. ‘वाचा’ असे वर्गाला उद्देशून सांगितले, तर कोणीच वाचत नाही. स्वतःच्या पिशवीतून पुस्तक काढून एखाद्याच्या हाती ठेवले आणि “हे वाचून बघ, मला परत आणून दे” असे म्हटले, तर पुष्कळदा ते वाचले जाते. कधी परत येत नाही, तेही ठीकच. मात्र यासाठी पिशवीत पुस्तक असावे लागते. जो शिक्षक स्वतः पाठ्यपुस्तकापलीकडे वाचत नाही, त्याला विद्यार्थ्याला देण्यासारखे ‘दुसरे पुस्तक’ कोठून सापडणार? केळूसकरांनी दिलेले पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेले होते. आपण सर्वांनी लिहावेच असे नाही, पण दिलेले पुस्तक आपण वाचलेले असावे, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

आणि एक गोष्ट अधिक अवघड आहे. पुस्तक वाचून झाल्यावर विद्यार्थी प्रश्न घेऊन येईल. तो प्रश्न त्याच्या घराला असेल, त्याच्या जातीला असेल, आपल्या विषयाला असेल. कदाचित आपल्यालाच असेल. रामजींनी पहिल्या वेळी तो उडवून लावला. दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी उत्तर दिले. ते उत्तर मुलाला पटले नाही, पण विचारण्याचा त्याचा हक्क त्यांनी अखेर मान्य केला. वाचनाची गोडी लावू पाहणाऱ्या शिक्षकाने या दुसऱ्या वेळेची तयारी ठेवावी. प्रश्न नको असेल, तर पुस्तक न देणेच बरे.

चर्नी रोडची ती बाग आता स. का. पाटील उद्यान म्हणून ओळखली जाते. तेथे रोज शेकडो माणसे फिरायला येतात. त्यांत शिक्षक असतील आणि बाकावर वाचत बसलेली मुलेही असतील.